घंटेपूर्वीची लढत

विश्वविजेतेपदाची एखादी लढत करारनाम्यावर सह्या होऊन रीतसर जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी, म्हणजे ती केवळ दोन नावांच्या जोडीच्या रूपाने लोकांच्या तोंडी असते त्या काळात, तिचा निकाल काय लागेल हे ठरविण्याचा जो उद्योग रसिक मंडळी करीत असतात, तो मला प्रत्यक्ष लढतीइतकाच अभ्यसनीय वाटत आला आहे. आपल्याकडे कुस्तीचे मैदान भरण्यापूर्वी तालमीच्या कट्ट्यावर जे चालते तेच अमेरिकेत व इंग्लंडात मुष्टियुद्धाच्या बाबतीत चालते: जुन्या लढतींचे दाखले निघतात, कोणी कोणाला कितव्या फेरीत लोळविले याची उजळणी होते, वयाचा हिशेब मांडला जातो, आणि अखेर कोणीतरी ठासून सांगतो की अमुकच जिंकणार. या सर्व विचारात एक चूक वारंवार होते. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, या प्रश्नाचा उलगडा झाला की जिंकणार कोण याचाही उलगडा झाला, असे आपण न कळत गृहीत धरतो. वस्तुतः हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिला प्रश्न दोन माणसांच्या संपूर्ण कारकिर्दीचा असतो, तर दुसरा एका ठरावीक रात्रीचा, ठरावीक लांबीरुंदीच्या रिंगणाचा, ठरावीक फेऱ्यांचा आणि रिंगणाबाहेर कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या तीन परीक्षकांचा असतो.

ज्या लढतीने हा भेद माझ्या मनावर कायमचा ठसविला ती मिडलवेट म्हणजे मध्यम वजनगटातील होती. या गटाची कमाल मर्यादा १६० पौंड, म्हणजे सुमारे साडेबहात्तर किलो. (हौशी स्पर्धांत ती दीर्घकाळ ७५ किलो होती, आणि २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंगने भारताला मुष्टियुद्धातील पहिले पदक मिळवून दिले ते याच गटात.) या वजनाचा माणूस एका ठोशात प्रतिस्पर्ध्याला आडवा करण्याइतका जड असतो, आणि तरीही बारा किंवा पंधरा फेऱ्या पायांवर नाचत राहण्याइतका हलकाही असतो, त्यामुळे ताकद आणि चपळाई यांचा सामना येथे जितका बरोबरीचा होतो तितका अन्य गटांत क्वचितच होतो. शिवाय खालच्या, म्हणजे १४७ पौंडांच्या वेल्टरवेट गटातील थोर योद्धे वयोमानाप्रमाणे अंग भरले की याच गटात चढून येतात, आणि मग नैसर्गिकरीत्या मोठ्या शरीराचा विजेता आणि खालून आलेला चतुर आव्हानवीर अशी जी जोड जमते, तिचे भाकीत करणे अत्यंत मोहक आणि अत्यंत कठीण असते.

अशीच एक जोड १९८६ च्या उन्हाळ्यात लोकांच्या बोलण्यात आली. विजेता होता मार्व्हिन हॅगलर आणि आव्हान देणारा शुगर रे लेनर्ड.

हॅगलरचा जन्म न्यू जर्सीतील न्यूआर्क शहरातला. १९६७ साली तेथे झालेल्या दंगलीनंतर हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन या गावी आले. तेथे गुडी आणि पॅट पेट्रोनेली या बंधूंच्या तालमीत हा मुलगा शिरला आणि अखेरपर्यंत त्यांनाच धरून राहिला. त्याचा वर येण्याचा मार्ग फार खडतर होता. विजेतेपदाची पहिली संधी त्याला १९७९ च्या नोव्हेंबरात व्हिटो अँटुओफर्मोविरुद्ध मिळाली; पंधरा फेऱ्या झाल्या, पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मते हॅगलर जिंकला, आणि परीक्षकांनी लढत अनिर्णित ठरविली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनच्या वेम्बली येथे त्याने ॲलन मिंटरला तिसऱ्या फेरीतच निकालात काढून किताब घेतला, पण विजेता म्हणून त्याचा गौरव होण्याऐवजी प्रेक्षकांनी बिअरच्या बाटल्या फेकल्या आणि त्याला पोलिसांच्या संरक्षणात बाहेर न्यावे लागले. आपले श्रेय आपल्याला कोणी आपण होऊन देणार नाही, ते ओरबाडून घ्यावे लागेल, ही त्याची भावना अशा प्रसंगांतून घट्ट झाली असावी. केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउन या थंडीत ओस पडणाऱ्या गावी तो एकांतात मेहनत करी. १९८२ साली ‘मार्व्हलस’ हे विशेषण त्याने कायदेशीररीत्या आपल्या नावातच दाखल करून घेतले. किताब मिळाल्यापासून १९८६ पर्यंत त्याने तो बारा वेळा राखला आणि त्यांपैकी अकरा वेळा प्रतिस्पर्धी शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहू शकला नाही. १९८५ च्या एप्रिलमध्ये टॉमस हर्न्सबरोबर झालेल्या तीन फेऱ्या तर या खेळाच्या इतिहासातील सर्वांत भीषण फेऱ्यांत गणल्या जातात. कपाळ फुटून रक्त वाहत असताना त्याने हर्न्ससारख्या प्रहारकाला तिसऱ्या फेरीत जमिनीवर पाडले. १९७६ नंतर त्याला कोणी हरविले नव्हते.

दुसऱ्या बाजूचा कागद वाचला तर काय दिसे? लेनर्ड हा १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, वेल्टरवेटचा विश्वविजेता, रॉबर्टो दुरान आणि हर्न्स या दोघांनाही नमविणारा, बुद्धिमान, देखणा आणि लोकप्रिय. परंतु १९८२ साली त्याच्या डाव्या डोळ्याचे दृष्टिपटल सुटले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बाल्टिमोर येथे समारंभपूर्वक त्याने निवृत्ती जाहीर केली. त्या समारंभास त्याने हॅगलरलाही बोलाविले होते, आणि आता या दोघांची लढत होणे नाही असे सर्वांसमक्ष सांगून टाकले होते. १९८४ च्या मे महिन्यात तो केविन हॉवर्ड नावाच्या साधारण योद्ध्याविरुद्ध एकदाच परत आला. चौथ्या फेरीत व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला. नवव्या फेरीत जिंकला खरा, पण तेथेच पुन्हा निवृत्त झाला. म्हणजे पाच वर्षांत एक लढत, तीही निराशाजनक. डोळ्याला झालेली इजा. आणि १६० पौंडांच्या गटात पूर्वी कधीही न खेळलेले शरीर. असा माणूस अकरा वर्षे अपराजित असलेल्या विजेत्यासमोर सरळ उभा राहणार, मध्ये एकही तयारीची लढत न घेता!

वृत्तपत्रांतील बहुसंख्य जाणकारांनी हॅगलरच्या बाजूने, आणि तेही लेनर्डला बाद करूनच, कौल दिला यात नवल नाही. सट्टेबाजांकडेही हॅगलरवर डॉलर जिंकायचा तर तीन-चार डॉलर लावावे लागत. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की सट्ट्याचा भाव हे शुद्ध भाकीत नव्हे. तो दोन्ही बाजूंना लागलेल्या पैशाचा समतोल असतो, आणि पैसा लावणारा माणूस ज्ञानाइतकाच आवडीनिवडीनेही लावतो. तथापि या प्रकरणी ज्ञान आणि भाव एकाच दिशेला होते. हा पुरावा समोर ठेवून कोणत्याही समंजस माणसाने हाच फैसला दिला असता.

मग चूक कोठे झाली? पुरावा अपुरा नव्हता. तो ज्या क्रमाने वाचला गेला त्या क्रमात चूक होती. हॅगलरच्या बारा विजयांतील अकरा विजय डोळ्यांत भरत, पण भाकिताच्या दृष्टीने मोलाचा होता तो बारावा, म्हणजे जो त्याला शेवटपर्यंत जाऊन गुणांवर घ्यावा लागला तो. १९८३ च्या नोव्हेंबरात रॉबर्टो दुरानविरुद्ध झालेली ती लढत. दुरान मूळचा १३५ पौंडांचा, वय बत्तीस, शरीराने हॅगलरहून सर्वस्वी लहान. तो पुढे धावून अंगावर आला नाही. थांबला, हुलकावण्या दिल्या, हॅगलरला पुढाकार घ्यायला लावला आणि त्याच्या पुढाकाराला उलट ठोसा दिला. परिणाम असा की तेरा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन परीक्षकांच्या कागदावर दुरान एका गुणाने पुढे होता आणि तिसऱ्याच्या कागदावर दोघे समान होते. हॅगलरने शेवटच्या दोन फेऱ्या घेऊन किताब वाचविला. या लढतीचा अर्थ स्पष्ट होता: जो माणूस हॅगलरवर चालून येतो तो मोडतो, आणि जो त्याला स्वतःवर चालून यायला लावतो तो त्याला गोंधळात टाकतो. हर्न्स चालून आला होता. लेनर्ड येणार नव्हता. ज्यांनी १९८६ साली हर्न्सची लढत आठवून भाकीत केले त्यांनी चुकीचा दाखला काढला. दुरानचा काढायला हवा होता. त्या दुरान-लढतीच्या वेळी लेनर्ड रिंगणाशेजारी समालोचक म्हणून बसला होता, आणि उत्तम मुष्टियोद्धा हॅगलरला नमवू शकतो असे लढत संपल्यावर खुद्द दुरानने आपल्याला सांगितले, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

दुसरा पुरावा १९८६ च्या मार्च महिन्यातला. युगांडाचा जॉन मुगाबी, ज्याने तोवरची प्रत्येक लढत प्रतिस्पर्ध्याला बाद करूनच जिंकली होती, त्याला हॅगलरने अकराव्या फेरीत बाद केले. वर्तमानपत्रांनी आकडा छापला. परंतु अकरा फेऱ्यांत हॅगलरला किती मार खावा लागला आणि त्याचे पाय पूर्वीपेक्षा किती जड पडत होते, हे रिंगणाजवळ बसून पाहणाऱ्या लेनर्डने टिपले. तेथेच त्याच्या मनाने घेतले की हा माणूस आता हरविता येईल. मे महिन्यात त्याने जाहीर केले की मी परत येईन तर फक्त हॅगलरसाठी.

यानंतर जे घडले त्याकडे क्रीडापत्रकारांनी केवळ धंद्याच्या वाटाघाटी म्हणून पाहिले, आणि मला वाटते खरी लढत तेथेच सुरू झाली. हॅगलरने होकार द्यायला काही महिने घेतले. लेनर्डच्या बाजूने वकील माइक ट्रेनर बोलत होते. पैशाच्या बाबतीत त्यांनी फारशी ताणाताणी केली नाही. हॅगलरला एक कोटी वीस लाख डॉलरची हमी आणि लेनर्डला एक कोटी दहा लाख, म्हणजे मोठा वाटा विजेत्याला. त्याच्या मोबदल्यात त्यांनी तीन शर्ती पदरात पाडून घेतल्या. लढत पंधराऐवजी बारा फेऱ्यांची असावी. हातमोजे दहा औंसांचे असावेत. रिंगण वीस फुटी असावे.

या तीन शर्ती एकेक करून पाहण्यासारख्या आहेत, कारण भाकीत करणाऱ्याचे खरे दस्तऐवज हेच. बारा फेऱ्यांची मुदत ही लेनर्डची कल्पना नव्हती. १९८२ च्या नोव्हेंबरात लास व्हेगास येथे रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम डुक-कू हा तरुण काही दिवसांनी मरण पावला, आणि त्या दुःखद घटनेनंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने आपल्या किताबाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या. पण अन्य संघटनांत तेव्हा पंधरा फेऱ्या अद्याप चालू होत्या, आणि हॅगलरचा सारा पिंड पंधरा फेऱ्यांवर पोसलेला होता. पंचेचाळीस मिनिटांच्या जागी छत्तीस मिनिटे झाली की, पाच वर्षे बसून राहिलेल्या माणसाच्या फुफ्फुसांवरचे बरेच ओझे उतरते. दुरानवर मात करायला हॅगलरला ज्या चौदाव्या व पंधराव्या फेरीचा आधार मिळाला, त्या फेऱ्याच कागदावरून पुसल्या गेल्या. दहा औंसांचा मोजा हा आठ औंसांच्या मोज्यापेक्षा अंमळ भरीव. तो ठोशाची धार थोडी बोथट करतो, आणि ज्याच्या हातात एका प्रहारात निकाल लावण्याची ताकद अधिक, त्याचेच त्यात नुकसान अधिक. राहिले रिंगण. वीस फूट आणि अठरा फूट यांत दोन फुटांचाच फरक असे ऐकायला वाटते. पण गुणाकार करून पाहिला तर चारशे चौरस फूट आणि तीनशे चोवीस चौरस फूट असा शहात्तर चौरस फुटांचा तो फरक आहे, म्हणजे एका लहानशा खोलीएवढी पळायला जास्तीची जागा. हॅगलरने एक कोटी वीस लाख घेतले आणि त्याबदल्यात वेळ, धार आणि जागा या तिन्ही गोष्टी लिहून दिल्या.

ज्याने हा मसुदा लक्षपूर्वक वाचला असता त्याला लेनर्ड काय करणार हे दिसले असते. तो बाद करायला येणार नाही. तो फेऱ्या मिळवायला येईल. प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते, जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास बहुधा नऊ गुण मिळतात, आणि परीक्षकाच्या स्मरणात फेरीचा शेवट ताजा राहतो. म्हणून अडीच मिनिटे हुलकावण्या देऊन शेवटच्या अर्ध्या मिनिटात झपाट्याने ठोसे झाडायचे, हा मार्ग त्याला मोकळा होता.

तरीही हॅगलरच्या बाजूने उभे असलेल्या माणसाचा सर्वांत बळकट मुद्दा शिल्लक राहतोच: पाच वर्षांचा गंज. मी तो हलका लेखत नाही. अंतराचा अंदाज, वेळेची जाणीव, मार खाऊनही डोळे उघडे ठेवण्याची सवय, या गोष्टी तालमीतल्या सरावाने पूर्णपणे येत नाहीत. परंतु मुष्टियुद्धाच्या इतिहासात अतिविश्रांतीइतकीच अतिश्रमाचीही उदाहरणे आहेत, आणि त्यांतील सर्वांत ठळक उदाहरण याच वजनगटातले आहे. १९५१ च्या फेब्रुवारीत शिकागो येथे जेक लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून शुगर रे रॉबिन्सन विश्वविजेता झाला. लेनर्डने ज्याच्या नावावरून स्वतःचे टोपणनाव घेतले तोच हा. तोवरच्या सुमारे सव्वाशे लढतींत त्याची एकच हार होती. त्या वसंतात तो लवाजमा घेऊन युरोपात उतरला आणि पॅरिस, झुरिक, अँटवर्प, लीज, बर्लिन, ट्युरिन असे करीत सुमारे सहा आठवड्यांत सहा लढती लढला. ट्युरिनची लढत १ जुलैला झाली, आणि १० जुलैला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये तो तेवीस वर्षांच्या रॅन्डॉल्फ टर्पिनसमोर उभा राहिला. लेमिंग्टनच्या या मुलाला, ज्याचे वडील ब्रिटिश गयानातून आले होते, इंग्लंडातही फार थोड्यांनी विजयाची आशा दिली होती. पंधरा फेऱ्या संपल्या तेव्हा इंग्लंडच्या त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे एकट्या रेफ्रीने, यूजीन हेंडरसनने, टर्पिनचा हात वर केला. दोन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर साठ हजारांहून अधिक लोकांसमोर तेच दोघे पुन्हा भिडले. दहाव्या फेरीत रॉबिन्सनची भुवई फुटली, रक्ताने डोळा भरू लागला, आणि लढत हातची जाणार हे ओळखून त्याने टर्पिनला ठोशांनी झोडपून काढले आणि किताब परत घेतला. माणसे तीच, वजन तेच, मध्ये गेले ते केवळ चौसष्ट दिवस. श्रेष्ठ कोण या प्रश्नाचे उत्तर दोन्ही रात्री एकच होते, आणि जिंकणार कोण याची उत्तरे दोन झाली.

तेव्हा पाच वर्षे रिकामी गेली एवढे सांगून भागत नाही. ती कशी गेली हे पाहावे लागते. लेनर्डने त्या काळात फारसा मार खाल्ला नाही. हॅगलरने हर्न्सचा खाल्ला, मुगाबीचा खाल्ला. शिवाय लेनर्डने जवळजवळ वर्षभर तयारी केली, आणि पुढे उघड झाल्याप्रमाणे बंद दाराआड खऱ्या लढतींसारख्याच लढती खेळून घेतल्या. अँजेलो डंडीसारखा, मुहम्मद अलीच्या कोपऱ्यात उभा राहिलेला वस्ताद त्याच्याजवळ होता.

६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासमधील सीझर्स पॅलेसच्या उघड्या पटांगणात घंटा वाजली, आणि पहिल्याच मिनिटाला अशी एक गोष्ट घडली जी कोणाच्याही भाकितात नव्हती. हॅगलर हा स्वभावतः डावखुऱ्या पवित्र्याचा. उजवा पाय व उजवा हात पुढे ठेवून लढणारा. या लढतीत तो उजव्या पवित्र्याने पुढे आला. आपण दोन्ही अंगांनी तितकेच कुशल आहोत हे दाखविण्याची ईर्ष्या असेल किंवा लेनर्डला चकविण्याचा बेत असेल. परंतु सुरुवातीच्या फेऱ्या त्याने या हट्टापायी हातच्या घालविल्या. पहिल्या दोन फेऱ्या तिन्ही परीक्षकांनी लेनर्डला दिल्या. ज्याने मुदत पंधरावरून बारावर आणायला संमती दिली होती, त्याने त्या बारांतूनही आपण होऊन काही फेऱ्या सोडून दिल्या! ही चित्रफीत मी जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा त्या पहिल्या फेऱ्यांपाशी माझा जीव हळहळला आहे.

तिसऱ्या फेरीत तो मूळ पवित्र्यावर आला, पाचव्या फेरीत खालून वर मारलेल्या ठोशाने त्याने लेनर्डला हलविले, आणि नवव्या फेरीत त्याने लेनर्डला कोपऱ्यात कोंडून असा मारा केला की लढत आता संपते की काय असे वाटावे. त्यातून लेनर्डने दोन्ही हातांनी ठोसे झाडत वाट काढली, पुन्हा कोंडला गेला, पुन्हा वाट काढली. त्या तीन मिनिटांत दोघांचेही मोठेपण दिसते. इतर वेळी मात्र लढत लेनर्डच्या आराखड्याप्रमाणे चालली होती. प्रत्येक फेरीचे तीस सेकंद उरले की त्याच्या गोटातील ऑली डनलॅप बाहेरून ओरडून इशारा देई, आणि लेनर्ड थकलेल्या पायांनी का होईना, ठोशांची एक झड लावून देई. त्यांतील कित्येक ठोसे दंडावर पडत, कित्येकांत जोर नसे. पण ते दिसत. यंत्रावर झालेल्या मोजणीत हॅगलरने मारलेले ठोसे ७९२ आणि लागलेले २९१, तर लेनर्डने मारलेले ६२९ आणि लागलेले ३०६ भरले. फरक अवघा पंधरा ठोशांचा, बारा फेऱ्यांत.

निकाल सांगण्यात आला तेव्हा लू फिलिपो यांच्या कागदावर ११५-११३ असा हॅगलर पुढे होता, डेव्ह मोरेटी यांच्या कागदावर तितक्याच गुणांनी लेनर्ड, आणि जोजो गेरा यांच्या कागदावर ११८-११० असा लेनर्ड. म्हणजे पहिल्या दोघांच्या मते सात फेऱ्या एकाच्या आणि पाच दुसऱ्याच्या, इतकी ती अटीतटीची. आणि तिसऱ्याच्या मते बारांतील दहा फेऱ्या लेनर्डच्या. माझी स्वतःची बेरीज एका फेरीने लेनर्डकडे झुकते, परंतु हॅगलरकडे बेरीज झुकविणाऱ्या माणसाशी मी वाद घालणार नाही. दहा-दोन मात्र मला कोणत्याही कोनातून पाहिले तरी सापडत नाही. याहून चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. गेरा यांच्या जागी मुळात हॅरी गिब्ज या इंग्रज परीक्षकाचे नाव होते, आणि त्यावर हरकत घेतली ती हॅगलरच्याच बाजूने. वेम्बलीच्या बाटल्या ते विसरले नव्हते. गिब्जनी ही लढत दूरचित्रवाणीवर पाहिली आणि आपल्या मते हॅगलर जिंकला असे पुढे सांगितले.

येथे भाकिताची सीमा येते. लढत कशी होईल हे सांगता येते. कोण चालून येईल, कोण मागे सरकेल, कोणत्या फेरीनंतर कोणाचे पाय जड होतील, हे मन लावून अभ्यास करणाऱ्यास बऱ्याच अंशी कळते. पण तीन निरनिराळ्या खुर्च्यांवरून तीन निरनिराळ्या माणसांना ती कशी दिसेल हे कळण्याचे साधन नाही. तीस वर्षांनंतर, २०१७ च्या सप्टेंबरात, याच शहरात आणि याच वजनगटात गेन्नाडी गोलोव्हकिन आणि कनेलो अल्वारेझ यांची दोन वर्षे गाजत राहिलेली लढत अखेर झाली, तेव्हाही मोरेटी परीक्षक होते आणि त्यांनी ११५-११३ असे गोलोव्हकिनला दिले. डॉन ट्रेला यांनी बरोबरी दिली. आणि ॲडेलेड बर्ड यांनी ११८-११० असे कनेलोला दिले, तोच आकडा, जणू गेरा यांचा कागद कोणी जपून ठेवला होता. लढत अनिर्णित राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा झाली तेव्हा मोरेटींनी तितक्याच गुणांनी कनेलोच्या बाजूने कौल दिला आणि किताब कनेलोकडे गेला. या दोन्ही लढतींची चाल आधी वर्तविणारे पुष्कळ होते. ११८-११० वर्तविणारा मला एकही भेटला नाही.

लेनर्डने किताब जवळ ठेवला नाही. काही आठवड्यांतच त्याने पुन्हा निवृत्ती जाहीर केली. हॅगलरने परतीची लढत मागितली, वाट पाहिली, आणि १९८८ साली खेळ सोडून तो इटलीला गेला. तेथे त्याने चित्रपटांत कामे केली. तो पुन्हा कधी रिंगणात उतरला नाही. १३ मार्च २०२१ रोजी त्याचे निधन झाले आणि ती दुसरी लढत कायमची ‘संभाव्य’ राहिली.

तिचे भाकीत मी तरीही अनेकदा करून पाहिले आहे, आणि येथे लिहून ठेवतो. वीस फुटी रिंगण आणि बारा फेऱ्या याच शर्ती कायम राहिल्या असत्या, तर निकाल पुन्हा परीक्षकांच्या हाती गेला असता आणि मी लेनर्डच्या बाजूने, भीत भीत का होईना, राहिलो असतो. पण रिंगण अठरा फुटांचे, मोजे आठ औंसांचे, फेऱ्या पंधरा, आणि हॅगलर पहिल्या घंटेपासून आपल्या डावखुऱ्या पवित्र्यात, असे असते तर लेनर्ड अकराव्या फेरीपर्यंत गुणांवर पुढे राहिला असता, बाराव्यात त्याचे पाय थांबले असते, आणि तेराव्या फेरीच्या मध्यावर, दोरांना पाठ लागलेली असताना, रेफ्रीला दोघांच्या मध्ये यावे लागले असते.